आधी कर्तव्य, मग हक्क? संविधान नेमकं काय म्हणतं

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत दर २६ जानेवारीला झेंडावंदन होतं आणि मग जिलेबी वाटतात. यंदा जिलेबीच्या आधी अध्यक्षांनी एका मुलीचं आठवीचं पुस्तक मागून घेतलं आणि मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापलेलं पान वाचून दाखवलं : 'नागरिकांची मूलभूत कर्तव्ये'. चांगली कल्पना होती. बालभारतीच्या पुस्तकांवर ते पान असतं, पण मुलं ते वाचत नाहीत आणि मोठ्यांनी तर कधी पाहिलेलंही नसतं.

वाचन संपल्यावर बी विंगमधल्या एका भाडेकरू बाईंनी हात वर केला. सातव्या मजल्यावर तीन आठवडे सकाळचं पाणी चढत नव्हतं. महापालिकेला सोसायटीच्या लेटरहेडवर तक्रार द्यावी, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यावर कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "आधी ओला-सुका कचरा वेगळा द्यायला शिका. आत्ताच ऐकलंत ना? कर्तव्यं पाळली की हक्क आपोआप मिळतात." चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई खाली बसल्या.

मी ठाण्याच्या शाळेत सव्वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, आणि त्या क्षणी मीही गप्प राहिले. त्याची रुखरुख अजून आहे. तिथे जे बोलायला हवं होतं ते आता सविस्तर लिहिते आहे. त्या गृहस्थांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण 'कर्तव्य केलं तरच हक्क' हे वाक्य आपल्या संविधानात कुठेही नाही, आणि ते खरं मानलं तर फार माणसांचं फार नुकसान होतं.

आधी हे सगळं ग्रंथात कुठे बसतं ते पाहू. मूलभूत हक्क भाग ३ मध्ये आहेत, अनुच्छेद १२ ते ३५. सरकारने कुठल्या दिशेने चालावं हे सांगणारी मार्गदर्शक तत्त्वं भाग ४ मध्ये, अनुच्छेद ३६ ते ५१. आणि कर्तव्यं? भाग ४-क. त्यात एकच अनुच्छेद आहे, ५१-क. तो 'क' नंतर चिकटवलेला आहे हे अक्षरावरूनच कळतं. २६ जानेवारी १९५० ला संविधान अमलात आलं तेव्हा त्यात नागरिकांच्या कर्तव्यांचं प्रकरण नव्हतं. पुढची सव्वीस वर्षं देश त्याशिवाय चालला आणि त्या काळातही लोकांना हक्क होतेच. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी 'आधी कर्तव्य'वाला मुद्दा डळमळतो.

मग ती आली कधी? १९७६ साली, ४२व्या घटनादुरुस्तीने, आणि ३ जानेवारी १९७७ पासून लागू झाली. साल ओळखीचं वाटलं असेल. आणीबाणी जून १९७५ मध्ये पुकारली होती आणि विरोधी पक्षांचे कितीतरी नेते तुरुंगात होते. काँग्रेस पक्षाने सरदार स्वर्णसिंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने आठ कर्तव्यं सुचवली. कर्तव्य मोडणाऱ्याला संसदेने शिक्षा ठरवावी आणि कर भरणं हेही कर्तव्य असावं, असंही समितीचं म्हणणं होतं. संसदेने यादी दहापर्यंत वाढवली, पण शिक्षेचं कलम आणि कर हे दोन्ही बाहेर ठेवलं.

त्याच वर्षी, एप्रिल १९७६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर खटल्यात निकाल दिला होता की आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. म्हणजे एका हाताने जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काला कुलूप, आणि त्याच सुमारास दुसऱ्या हाताने कर्तव्यांची यादी. मला वाटतं, या जन्मवेळेमुळेच पुष्कळ जाणत्या माणसांना ५१-क विषयी मनातून अढी राहिली. मीही शिकवताना बरीच वर्षं ते पान घाईने उलटत असे.

पण गोष्ट इथे संपली नाही. १९७७ साली सत्तांतर झालं. जनता सरकारने ४३व्या आणि ४४व्या घटनादुरुस्तीने ४२व्या दुरुस्तीतलं बरंच काही काढून टाकलं. अनुच्छेद २० (आरोपीला मिळणारं संरक्षण) आणि २१ (जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क) आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, अशी तजवीज केली. कर्तव्यांना मात्र हात लावला नाही. आणीबाणीत तुरुंग भोगून आलेल्या माणसांनीही ती यादी ठेवण्यासारखी मानली. म्हणून मी पुन्हा नीट वाचायला बसले.

आता नेहमीचा प्रश्न : कर्तव्य मोडलं तर शिक्षा काय? ५१-क खाली काहीही नाही. या अनुच्छेदाच्या नावावर पोलीस कोणाला पकडू शकत नाहीत आणि केवळ त्याच्या आधारावर कोणालाही न्यायालयात खेचता येत नाही. शिक्षा होते ती त्या त्या विषयावर वेगळा कायदा असेल तर. राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अवमान रोखणारा १९७१ चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मोर्चात बस फोडली तर सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीबद्दलचा १९८४ चा कायदा लागतो. कचऱ्याचं वर्गीकरण घनकचऱ्याच्या नियमांखाली येतं आणि दंड महापालिका करते. सोसायटीचा मेंटेनन्स तर संविधानात येतच नाही, त्याची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे होते. प्रत्येक चुकीला तिचा कायदा आहे आणि त्या कायद्यात लिहिलेलीच शिक्षा आहे. 'कचरा वेगळा केला नाही म्हणून पाणी मिळणार नाही' अशी शिक्षा कुठल्याच कायद्यात नाही.

पाण्याबद्दल तर न्यायालय फार स्पष्ट बोललेलं आहे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं की बेकायदा झोपडीत राहणाऱ्या माणसालाही पाणी नाकारता येत नाही, कारण पाणी हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. झोपडी बेकायदा असेल, तिच्यावर कायद्याने जी कारवाई व्हायची ती होईल, पण तहान बेकायदा ठरत नाही.

शाळेत मी याहून टोकाचं उदाहरण देत असे. ठाण्यात राहणाऱ्या मुलांनी मध्यवर्ती कारागृहाची ती जुन्या किल्ल्याची भिंत रोज पाहिलेली असते. आत बसलेल्या शिक्षा झालेल्या माणसाने कायदा मोडल्याचं न्यायालयात सिद्ध झालेलं आहे. त्याला मारहाण करता येते का? उपाशी ठेवता येतं का? नाही. कैदी झाल्याने माणसाचे सगळे मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सुनील बात्रा खटल्यात सांगितलं. ज्याने गुन्हा केला त्याचाही हक्क शिल्लक राहतो, तर बी विंगच्या बाईंचा एका कचऱ्याच्या डब्याने कसा जाईल?

यावर कोणी गांधीजींचा दाखला देईल, आणि तो दाखला खरा आहे. १९४७ साली युनेस्कोचे तेव्हाचे प्रमुख ज्युलियन हक्सली यांना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी म्हटलं होतं की सगळे हक्क नीट बजावलेल्या कर्तव्यातून येतात, हे ते आपल्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकले. माणसाने स्वतःला लावून घ्यायचा हा नियम आहे आणि तो मला मनापासून पटतो. पण स्वतःला लावायचा नियम सत्तेच्या हातात दिला की त्याचा अर्थ फिरतो. हक्क देण्याआधी तुमची कर्तव्यं मोजायची मुभा सरकारला मिळाली तर मोजमाप करणारा कोण आणि माप कुठलं, हे विचारायलाही जागा उरणार नाही. हक्कांवर निर्बंध येऊ शकतात, जरूर येतात. बोलण्याच्या स्वातंत्र्यावर अनुच्छेद १९ मध्येच वाजवी निर्बंधांची सोय आहे, आणि एखादा निर्बंध वाजवी आहे का हे ठरवताना न्यायालयं ५१-क चाही विचार करतात. पण तो निर्बंध कायद्याने यावा लागतो आणि न्यायालयात तपासला जाऊ शकतो. सभेत उठून कोणी तो लावू शकत नाही.

यादीत काय आहे ते आता पाहू. संविधानाचं पालन, राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर. स्वातंत्र्यलढ्याच्या आदर्शांची जोपासना. देशाची एकता आणि एकात्मता. आवाहन होईल तेव्हा देशाचं रक्षण. धर्म, भाषा, प्रांत यांच्या पलीकडे जाऊन बंधुभाव वाढवणं आणि स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडणं. संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं. निसर्गाचं रक्षण. विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन. सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण आणि हिंसेचा त्याग. प्रत्येक कामात उत्तमाचा ध्यास. आणि अकरावं, २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने जोडलेलं : सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला पालकांनी शिक्षणाची संधी देणं. मतदान यात नाही. शाळेत दरवर्षी निम्मा वर्ग 'मतदान करणे' हे पहिलं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहायचा आणि मला ते खोडताना वाईट वाटायचं. मतदान जरूर करावं, पण ते या यादीत नाही आणि न केल्याबद्दल शिक्षाही नाही.

पहिल्याच कर्तव्याबद्दल सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून तिथे थोडं थांबते. १९८५ साली केरळमधल्या एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकलं. ती यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची होती. राष्ट्रगीत सुरू असताना ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बिजो इमॅन्युएल खटल्यात, त्यांना शाळेत परत घ्यायला सांगितलं. उभं राहणं हा आदर आहे, न गाणं हा अनादर नाही. ५१-क समोर ठेवूनच न्यायालयाने हे म्हटलं, आणि आपलं संविधान सहिष्णुता आचरणात आणतं, ती पातळ करू नका, असंही सांगितलं. पुढे ३० नोव्हेंबर २०१६ ला चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचं करताना सर्वोच्च न्यायालयाने याच कर्तव्याचा आधार घेतला, आणि ९ जानेवारी २०१८ ला ती सक्ती स्वतःच मागे घेतली. वाजवलं तर उभं राहायचं, पण वाजवलंच पाहिजे असं नाही. सर्वोच्च न्यायालयालाही एका कर्तव्याचं माप ठरवताना असं मागेपुढे व्हावं लागलं, तर शेजाऱ्याची देशभक्ती मोजताना आपण किती जपून असायला हवं.

विज्ञाननिष्ठ दृष्टिकोनाचं कर्तव्य महाराष्ट्राला फार महागात पडलं आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, तो त्यानंतर आधी वटहुकमाने आणि मग त्याच वर्षी विधिमंडळात मंजूर झाला. एक नागरिक आपलं कर्तव्य गंभीरपणे घेतो तेव्हा काय काय घडू शकतं, हे मुलांना सांगताना माझा आवाज दरवर्षी अडखळायचा.

आता आपल्या खाडीकडे येऊ. ५१-क मधलं सर्वांत जास्त वापरलं गेलेलं वाक्य 'छ' या अक्षराखाली आहे : वने, सरोवरे, नद्या आणि वन्यजीव यांसह निसर्गाचं रक्षण करून त्यात सुधारणा करणं आणि प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं. ऐरोलीहून मुलुंडला जाताना पुलावरून दोन्ही बाजूंना दिसणारं कांदळवन, थंडीत येणारे रोहित पक्षी, हे सगळं या एका वाक्यात येतं. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली.

शाळेत हे वाक्य शिकवलं की मुलं लगेच 'झाडे लावा' असं लिहितात. मोठीही तेवढ्यावरच थांबतात, आणि मग निसर्गाचं रक्षण म्हणजे आपण बाल्कनीत चार कुंड्या ठेवणं, असा समज होतो. न्यायालयांनी या वाक्याचा अर्थ फार मोठा केला आहे. २००१ साली दिल्लीतल्या एम्सच्या विद्यार्थ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ५१-क राज्यसंस्थेला थेट बांधत नसला, तरी प्रत्येक नागरिकाचं जे कर्तव्य, ते सगळ्यांचं मिळून राज्यसंस्थेचंही कर्तव्य ठरतं. मला हे या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वळण वाटतं. आपल्याकडे बोट दाखवणारं वाक्य इथे आपल्या हातात आलं.

त्याचा परिणाम आपल्या दाराशी दिसला. कांदळवन तोडीविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर बंदीचा आदेश दिला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल. अनुच्छेद २१, ४७ (सार्वजनिक आरोग्य), ४८-क (पर्यावरणाचं रक्षण) आणि ५१-क (छ) एकत्र वाचून न्यायालय म्हणालं की कांदळवन जपणं हे राज्याचं आणि त्याच्या यंत्रणांचं बंधनकारक कर्तव्य आहे आणि ते नष्ट करणं हा नागरिकांच्या मूलभूत हक्काचा भंग आहे. कांदळवनाभोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. देखरेखीसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला आणि लोकांना तक्रार करता येईल अशी व्यवस्था उभारायला सांगितलं. हे आयुक्त बसतात ते आपल्या बेलापूरच्या कोकण भवनात. रात्री डंपर येऊन खाडीकाठी डेब्रिज टाकून जातात, ते पाहून आपण हळहळतो आणि खिडकी लावून घेतो. त्या डंपरचा फोटो काढून तक्रार करणं हे 'छ' चं पालन आहे, आणि ती तक्रार घेऊन कारवाई करणं हेही 'छ' चंच पालन आहे. पहिलं आपण करायचं, दुसरं करायला यंत्रणेला भाग पाडायचं.

अकराव्या कर्तव्यातही हेच दिसतं, म्हणून तेही सांगते. नवी मुंबईत टॉवर उभे राहतात तिथे पत्र्याच्या खोल्यांत बांधकाम मजुरांची मुलं राहतात. काम संपलं की कुटुंब दुसऱ्या साइटवर जातं. अशा मुलाच्या बापाकडे बोट दाखवून 'तुझं मूलभूत कर्तव्य आहे, मुलीला शाळेत का घालत नाहीस' असं म्हणणं सोपं आहे. पण ज्या घटनादुरुस्तीने बापाला हे कर्तव्य दिलं, तिनेच अनुच्छेद २१-क आणून मुलीला शिक्षणाचा हक्क दिला. त्यावर आधारलेला शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पालकाचं कर्तव्य एका ओळीचं आहे आणि शिक्षा नाही. स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे आपल्याकडे महापालिकेची, कर्तव्यं मात्र भली मोठी आहेत आणि त्यात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं स्पष्ट लिहिलेलं आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मधेच आली म्हणूनही नाही.

आमच्या शाळेच्या दारातून अशी एक मुलगी कागद नाहीत म्हणून परत गेली होती, कायदा येऊन तीन वर्षं झाल्यावर. मी त्या दिवशी रजेवर होते. नंतर तिचं कुटुंब सापडलं नाही.

या सगळ्यानंतर मी बी विंगमध्ये गेले. बाईंनी चहा केला, पिंपातल्या पाण्याचा. दोघींनी मिळून महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला पत्र लिहिलं : मजला, तारखा, वेळा, किती दिवस पाणी चढलं नाही, सगळं नेमकं. सोसायटीच्या लेटरहेडची गरज नव्हती, नागरिक म्हणून सही पुरेशी होती. खाली आणखी अकरा घरांच्या सह्या घेतल्या.

पत्र वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "काकू, कचऱ्याचं पण यात लिहू का? बी विंगला खरंच दोन डबे नाहीयेत, एकच आहे. म्हणून सगळं एकत्र जातं."

मी म्हटलं, "लिही. पण सोसायटीला, आणि दुसऱ्या कागदावर."